आधी बिल वाचू, मग पाना धरू

(आमच्या बचत गटाने सामुदायिक रेडिओवर केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. बोलताना जसं बोललो, तसंच ठेवलं आहे.)

सकाळची धार काढून झाली असेल, भाकरी तव्यावर असेल, तरी कान इकडे असू द्या. आज आम्ही मोटारसायकलीबद्दल बोलणार आहोत. चालवायची कशी ते नाही, ते तुमच्यातल्या कितीतरी जणींना आमच्यापेक्षा चांगलं येतं. तिची देखभाल घरच्या घरी कशी करायची आणि शोरूमच्या सर्व्हिसिंगचे पैसे कुठं वाचतात, कुठं वाचवायचे नाहीत, ते सांगणार आहोत.

आमचा गट माण तालुक्यातला. आमच्याकडं वाड्या लांब लांब. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही आली तर. त्यामुळं दूध डेअरीला न्यायचं, पोरीला शाळेत सोडायचं, बाजाराला भाजी न्यायची, दवाखान्यात जायचं, सगळं त्या एका गाडीवर. गटात आम्ही बाराजणी, आणि आमच्या घरांत मिळून नऊ गाड्या आहेत. सात मोटारसायकली शंभर सीसीच्या, दोन स्कूटर. गाडी दोन दिवस बंद पडली तर घरातलं काय काय अडतं, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

तर सुरुवात पान्यापासून नाही, बिलापासून करू. आमच्यातल्या एका वहिनींचं हे बिल आहे. वहिनी रोज दोन वेळा पंचवीस-तीस लिटर दूध गाडीवरून डेअरीला पोचवतात. गाडी सात वर्षांची. तालुक्याला नेऊन सर्व्हिसिंग केली, त्याचं बिल गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं. तुम्हीही ऐका.

इंजिन ऑईल ४१० रुपये. एअर फिल्टर १९०. प्लग ११०. मागचे ब्रेक शू २३०. चेन साफ करून ऑईल लावणं १२०. धुणं आणि पॉलिश १५०. ‘इंजिन ट्रीटमेंट’ २२०. लेबर ३८०. वर मजुरीवरचा जीएसटी १८ टक्क्यांनी ११७ रुपये. एकूण १,९२७.

आता एकेक ओळ बघू. ऑईल लागणारच होतं, त्यात वाद नाही. ब्रेक शू झिजले होते, तेही खरं. पण एअर फिल्टर वहिनींनी चारच महिन्यांपूर्वी नवा टाकला होता. प्लग काय झाला होता ते कुणी सांगितलं नाही. जुना प्लग आणि जुना फिल्टर परत मागितला, तर ‘फेकून दिला’ म्हणाले. ‘इंजिन ट्रीटमेंट’ म्हणजे काय विचारलं, तर ‘ऑईलमध्ये टाकायचं औषध असतं’ एवढंच उत्तर. गाडीच्या पुस्तिकेत असल्या औषधाचं नाव कुठंही नाही, आम्ही पानन् पान पाहिलं. आणि धुण्याचे दीडशे! बाई, गोठा धुणाऱ्या बाईला गाडी धुवायला दीडशे रुपये द्यायला लावायचे.

शिवाय जाऊन-येऊन छपन्न किलोमीटरचं पेट्रोल, दिवसभर तिथं बाकड्यावर बसणं, आणि त्या संध्याकाळचं दूध डेअरीत उशिरा पोचून परत आलं ते वेगळंच.

हेच काम घरी केलं तर? ऑईल ४१०, खालच्या बोल्टचं नवं वायसर दहा रुपये, ब्रेक शू २३०, ते बसवायला गावातल्या मिस्त्रीला शंभर. झाले ७५०. चेनला थोडं डिझेल आणि गिअर ऑईल लागेल, ते गटाच्या डब्यातलं. म्हणजे बाराशेच्या आसपास रुपये घरात राहिले. वर्षातून तीन वेळा सर्व्हिसिंग होत असेल तर हिशेब तुम्हीच करा. आमच्याकडं तेवढ्यात शेळीचं करडू येतं.

पण थांबा. कुणाची गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, तर आजच पाना उचलू नका. वॉरंटी काळात ठरलेल्या किलोमीटरला, ठरलेल्या तारखेच्या आत कंपनीच्या केंद्रात सर्व्हिसिंग करण्याची अट असते. ती पाळली नाही आणि उद्या इंजिनात मोठं काही निघालं, तर दुरुस्ती फुकट मिळत नाही. पुस्तिकेत वॉरंटीचं पान असतं, ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या, तिचाही अभ्यास होतो. वॉरंटीतल्या गाडीचेही पैसे वाचवता येतात, ते असे : गाडी देताना जॉबकार्डवर काय काय करायचं ते लिहून घ्यायचं, त्याबाहेरचं काही करायचं असेल तर आधी फोन करा असं सांगायचं, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत द्या म्हणायचं. हे तीन शब्दांत सांगा, आवाज चढवू नका, पण सांगा. धुणं-पॉलिश नको हेही तिथंच लिहायचं. दाद लागलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथं तक्रार नोंदवता येते. बिल मात्र जपून ठेवलेलं पाहिजे.

आता पाना.

सगळ्यात आधी स्वतःची तयारी. हातातल्या बांगड्या काढून ठेवा, काढायच्या नसतील तर कोपराकडं सरकवून वर फडकं बांधा. हे आम्ही उगाच सांगत नाही. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातूची बांगडी अडकली तर क्षणात लाल होते, मनगट भाजतं. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली. गाडी नेहमी सपाट जागी, डबल स्टँडवर. किल्ली काढून कमरेला. चुलीपासून लांब, कारण पेट्रोलची वाफ दिसत नाही पण पेट घेते. आणि इंजिन चालू ठेवून काही बघायचं असेल तर ते अंगणात, बंद पडवीत नाही. धुराड्यातला धूर बंद जागेत जीवघेणा असतो, त्याला वास असो नसो.

ऑईल. घरी करायच्या कामात हे सगळ्यात फायद्याचं. इंजिनातलं ऑईल आतल्या भागांना वंगण देतं, उष्णता वाहून नेतं आणि झिजलेल्या धातूची बारीक भुकटी, काजळी स्वतःत धरून ठेवतं. म्हणून ते काळं होतं. काळं झालं म्हणजे लगेच खराब झालं असं नाही, किलोमीटर बघायचे. कंपनीप्रमाणे तीन ते सहा हजार किलोमीटरला बदलायला सांगतात. आमच्यासारख्या धुळीच्या रस्त्यावर, रोज थोडं थोडं अंतर, थांबत-थांबत, ओझं घेऊन चालणारी गाडी असेल तर पुस्तिकेतल्या आकड्याच्या जरा आधीच बदललेलं बरं, असं आमचं मत.

कोणतं ऑईल? दुकानदार म्हणेल ‘हे घ्या, भारी आहे’. त्याच्या भारीवर जाऊ नका. डब्यावर दोन गोष्टी बघा. एक, १० डब्ल्यू ३० असा जो आकडा पुस्तिकेत दिला असेल तोच. दुसरं, जेएएसओ एमए हे शब्द. मोटारसायकलीचा क्लच इंजिनच्या ऑईलमध्येच बुडलेला असतो. चारचाकीच्या ऑईलमध्ये घसरण वाढवणारे पदार्थ असतात, ते इथं घातलं की क्लच घसरायला लागतो. इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. घरी जीपचं उरलेलं ऑईल आहे म्हणून ते मोटारसायकलीत ओतू नका. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिच्या डब्यावर एमबी लिहिलेलं असतं. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा.

रीत सांगतो, सावकाश ऐका. गाडी दोन-तीन मिनिटं चालू करून बंद करा. ऑईल कोमट झालं की पातळ होतं आणि गाळासकट खाली येतं. फार गरम नको, हात भाजतो. सायलेन्सर तर बाजूलाच असतो, त्याला पोटरी लागली की डाग वर्षभर राहतो. इंजिनखाली घमेलं ठेवा. वरची ऑईल मापायची काडी पिळून बाहेर काढा, म्हणजे हवा आत जाते आणि ऑईल मोकळं पडतं. मग खालचा बोल्ट. आमच्या गाड्यांना सतरा नंबरचा पाना लागतो. खोलताना पाना कुठल्या बाजूला फिरवायचा याचा गोंधळ होतो, कारण आपण खालून बघत असतो. बोल्टच्या डोक्याकडं तोंड करून विचार करा, घड्याळाच्या उलट म्हणजे सैल. शेवटचे आटे बोटांनी, हातमोजा घालून. बोल्ट घमेल्यात पडला तर पडू दे, नंतर काढता येतो.

पूर्ण निथळू द्या. गाडी दोन्ही बाजूंना हलकेच कलवा. मग बोल्ट पुसा, वायसर नवं घाला आणि बोल्ट आधी हातानेच आत न्या. हाताने जात नसेल तर आटे तिरके बसले आहेत, परत काढा. इंजिनचं खालचं अंग अ‍ॅल्युमिनिअमचं असतं आणि बोल्ट लोखंडाचा. जोर लावला की लोखंडाला काही होत नाही, इंजिनाचे आटे जातात. आमच्या एका गाडीचे आटे एका गॅरेजात पान्याला पाइप लावून आवळल्याने गेले होते. मग ऑईल ठिबकत राहिलं आणि ते आटे परत पाडून घ्यायला नऊशे रुपये गेले. बाईच्या मनगटाचा जोर पुरतो. मडक्याला दादरा बांधतो तेवढा घट्ट नव्हे, पण पाइप लावून तर मुळीच नाही.

आता नवं ऑईल. किती घालायचं ते पुस्तिकेत असतं. शंभर सीसीच्या गाडीला लिटरपेक्षा थोडं कमीच लागतं, म्हणून दुकानात ९०० मिलिलिटरचा डबा मिळतो. स्कूटरसाठी ८०० चाही असतो. सगळा डबा एकदम ओतू नका. थोडं मागं ठेवा, इंजिन तीन मिनिटं चालवा, बंद करून तीन मिनिटं थांबा आणि काडीने माप बघा. आमच्या गाड्यांची काडी माप घेताना पिळायची नसते, नुसती टेकवायची. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ ऑईल पाहिजे. जास्त झालं तरी वाईट. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हे भाजीच्या फोडणीला ठीक आहे.

पहिल्या वेळी आम्हाला पाऊण तास लागला. आता चहा उकळेपर्यंत होतं म्हणणार नाही, पण वीस मिनिटांत होतं.

चेन. ऑईलनंतर दुसरं काम चेनचं. चेन सुकी राहिली की कुरकुरते, झिजते, सोबत पुढची-मागची चकरीही खाते, आणि मग अख्खा चेनसेट बदलावा लागतो. त्यात हजाराच्या पुढं जातात. ते लांबवायचं असेल तर पाचशे ते हजार किलोमीटरला एकदा दहा मिनिटं द्या. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, जुना दात घासायचा ब्रश, आणि नव्वद नंबरचं गिअर ऑईल. पेट्रोलनं चेन धुवू नका. ऑईल आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यावर, थेंब थेंब. मग जादाचं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटून तिची वाळूची पॉलिश होते.

इथं एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. चेन साफ करताना इंजिन चालू करून, गिअरात टाकून चाक फिरवायचं नाही. काही मुलं असं करतात, कारण पटपट होतं. फडकं चकरीत ओढलं जातं आणि त्यामागं बोट जातं. चाक हाताने फिरवायचं. वेळ लागला तर लागला.

चेन किती सैल असावी? कव्हरला खाली रबराचं बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करून बघा. साधारण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचभर हलली पाहिजे. नेमका आकडा पुस्तिकेतला धरा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा आणि जिथं सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरा. ताणून बसवलेली चेन दिसायला छान दिसते, पण बेअरिंग खाते. ताण द्यायचा असेल तर मागच्या एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवायचे. दोन्हीकडं रेघा असतात, एकीकडं दोन आणि दुसरीकडं तीन रेघा आल्या तर चाक तिरकं बसलं. आणि चाक मागं सरकलं की मागचा ब्रेकही बदलतो, म्हणून शेवटी ब्रेक पुन्हा बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. एक्सलचा नट पहिल्यांदा बसवताना गावातल्या मिस्त्रीला शेजारी उभं करा. ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, चाकाची गोष्ट आहे.

ब्रेक. ब्रेक शू बदलणं आम्ही मिस्त्रीकडंच देतो. पण ते झिजलेत का, हे बघायला कुणाची गरज नाही. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाकाजवळ जो छोटा दांडा हलतो, त्याच्यावर बाण असतो आणि मागच्या ताटलीवर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबायला सांगा आणि बघा. बाण खुणेपाशी पोचला म्हणजे शू संपले. पोचला नाही तर अजून आहेत. म्हणजे उद्या कुणी ‘ताई, शू गेलेत’ म्हणालं की तुम्ही खाली बसून स्वतः बघू शकता. आमच्या मते या सगळ्या बोलण्यातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे; ऑईल नाही बदललं तरी चालेल, हे बघायला शिका.

मागच्या ब्रेकचा पायडल २० ते ३० मिलिमीटर रिकामा जायला हवा, मग ब्रेक लागला पाहिजे. क्लचचा दांडा टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा हवा. मागचा ब्रेक रॉडच्या टोकाच्या नटाने जुळवता येतो. पण १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले असतात, मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. तिथं जोडणीच्या वायरीला हात लावू नका. ड्रममध्ये साचलेली काळी भुकटी फुंकर मारून उडवायची नाही, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

प्लगचं थोडक्यात. इंजिन गार झाल्यावरच काढा, काढण्याआधी भोवतीची माती साफ करा, नाहीतर ती आत पडते. टोक तपकिरी असेल तर इंजिन ठीक. काळं, काजळीचं असेल तर आधी एअर फिल्टर बघा. पांढरं फटक असेल किंवा ऑईलने ओलं असेल तर मिस्त्री. नावाच्या शेवटी ९ असलेल्या आमच्या प्लगची फट ०.९ मिलिमीटर असते. बसवताना पुन्हा तेच, आधी बोटांनी.

एअर फिल्टरबद्दल मात्र गैरसमज फार. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, थोडं ऑईल लावून पिळून बसवता येतो. कागदाचा असेल तर धुवायचा नाही. आणि जो कागद मुळातच तेलकट येतो, त्याला हवा मारूनही साफ करायचं नाही, तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचाच. आमच्याकडं उन्हाळ्यात रस्त्यावर पीठ सांडल्यासारखी धूळ असते, त्यामुळं आम्ही दोन महिन्यांनी उघडून बघतो. फिल्टर कोंबला की पेट्रोल जास्त जातं आणि पीयूसीलाही अडकतं.

हवा टायरमध्ये किती ते गाडीवरच्या चिकटपट्टीवर नाहीतर पुस्तिकेत असतं. एकट्याने जायचं तर वेगळं, मागं कुणी बसणार किंवा कॅन लादणार तर मागच्या चाकात जास्त. आमच्या शंभर सीसीच्या गाडीला पुढं २५ आणि एकट्यासाठी मागं २८. अंगठ्याने दाबून कळत नाही, मापच घ्यावं लागतं. गटाने दीडशे रुपयांचं मापक घेतलं आहे.

बॅटरी काढताना आधी वजा चिन्हाची वायर, बसवताना वजा शेवटी. टोकांवर पांढरी बुरशी आली असेल तर कोमट पाण्याने पुसून व्हॅसलिन लावा. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, हंड्यातलं नाही. बंद बॅटरी उघडायची नाही.

आणि मागच्या चाकाच्या साडीगार्डकडं दुर्लक्ष नको. मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमात ते सांगितलेलंच आहे : मागं बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचं अर्धं तरी अंग झाकणारं संरक्षण. सैल झालं, खडखडतंय म्हणून काढून ठेवलेलं आम्ही बऱ्याच घरांत बघितलं. ते दोन बोल्टांचं काम आहे. आज संध्याकाळीच लावा.

आता घरी काय करायचं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांत कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल संगणकाच्या हिशेबाने आत फवारलं जातं. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून राहिला तर ते घरचं काम नाही, वायरी उपटून बघू नका. इंजिन उघडणं, क्लच प्लेट, डिस्क ब्रेकचं ऑईल, एबीएस, चाकाचे बेअरिंग, स्कूटरचा आतला पट्टा, हँडल जड होणं, हे सगळं जाणकाराचं. ऑईल, चेन, हवा, फिल्टर बघणं, प्लग, बॅटरीची टोकं, नट-बोल्ट आवळणं मात्र नव्या गाडीतही तसंच आहे.

गावातल्या मिस्त्रीबद्दल दोन शब्द. आम्ही पाना धरला तेव्हा चौकातले काही जण म्हणाले, ‘आता मिस्त्रीदादांचं दुकान बंद पडणार.’ झालं उलटं. सगळ्यात पहिला बोल्ट कसा सोडवायचा ते त्यांनीच शिकवलं, दोन रविवार फुकट. कारण आधी ज्या गाड्या तालुक्याला जात होत्या, त्यांचे ब्रेक शू, क्लच वायर, चेनसेट आता त्यांच्याकडं येतात. आमच्या दृष्टीनं पैसे गावातच राहिले, आणि आम्ही त्यांच्याकडं जातो तेव्हा काय बिघडलंय ते सांगू शकतो.

पाने प्रत्येक घरी घ्यायची गरज नाही. आम्ही गटाच्या पैशातून एक पेटी केली : आठ ते एकोणीसपर्यंतचे पाने, प्लगचा पाना, पक्कड, दोन पेचकस, घमेलं, नरसाळं, हवेचं मापक, हातमोजे. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं. पेटी ज्या घरी असते तिथं वहीत सही करून न्यायची. आणि प्रत्येक गाडीचं एक पान : तारीख, किलोमीटर, काय केलं, काय बदललं, किती खर्च. त्या वहीमुळंच वहिनींच्या फिल्टरचं चार महिन्यांपूर्वीचं निघालं, नाहीतर कुणाच्या लक्षात राहणार होतं?

आता तुमच्या फोनवर आलेले प्रश्न.

एका ताईंनी विचारलंय, स्कूटरला चेनच नाही, मग तिला काय? स्कूटरला इंजिन ऑईलशिवाय मागच्या चाकाजवळ गिअर ऑईल वेगळं असतं, तेही ठरावीक किलोमीटरला बदलायचं असतं. ते थोडंसंच असतं म्हणून विसरलं जातं. सर्व्हिसिंगच्या बिलात ते आहे का ते बघा. वर्षानुवर्षं नसेल तर विचारा.

दुसरा प्रश्न एका सूनबाईंचा : ‘सासूबाई म्हणतात, बाईनं अंगणात गाडी उघडून बसलेलं लोक बघतात.’ ताई, आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर काकींनाही हेच वाटायचं. त्यांना आम्ही वही सांभाळायला दिली. आता कुठल्या गाडीचं ऑईल कधी आहे ते त्याच घरोघर जाऊन सांगतात, आणि त्यांच्या नातवाला काकींच्या परवानगीशिवाय किल्ली मिळत नाही. सासूबाईंना बिल वाचून दाखवा, एवढंच आम्ही म्हणू. रक्कम शेवटी वाचा.

तिसरा प्रश्न फार जणींचा : निघालेल्या काळ्या ऑईलचं काय करायचं? दाराच्या चौकटीला लावू का, बैलाच्या जखमेला लावतात ते बरोबर का? जखमेला अजिबात लावू नका, ना जनावराच्या ना माणसाच्या. त्या ऑईलमध्ये जळक्याचे विषारी पदार्थ आणि धातू असतात, सारखं कातडीला लागलं तर कर्करोगाचा धोका असतो, म्हणूनच हातमोजे सांगितले. बैलाच्या खांद्यासाठी पशुवैद्यकाला बोलवा. चुलीत पेटवायला घालू नका. गटारीत, ओढ्यात, विहिरीजवळच्या मातीत तर नाहीच. थोडं ऑईलही पुष्कळ पाणी नासवतं. आम्ही ते जुन्या ऑईलच्याच डब्यात भरून ठेवतो. पंचवीस-तीस लिटर साठलं की मिस्त्रीदादा त्यांच्याकडच्या ऑईलबरोबर, पुनर्वापर करणाऱ्या नोंदणीकृत गाडीवाल्याला देतात. आसपासच्या वाडीतल्या कुणाकडं असेल तर बाजारच्या दिवशी गटाच्या खोलीवर आणून द्या. घट्ट झाकणाचा डबा आणा, कागदाचं बूच लावलेली बाटली नको, गाडीवर सांडते.